राखीव जागा आणि दिव्यांगांचे हक्क



आजचा विषय ऐकून काही मंडळींना थोडं नवल वाटेल. दिव्यांग व्यक्तींच्या वाहनांसाठी राखून ठेवायची जागा आणि त्यांना मिळणारं कायद्याचं संरक्षण, असा हा विषय आहे. एखादे शेतकरी गृहस्थ म्हणतील, "गुरुजी, हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. तिथं गाडी लावायला वीतभर जागा मिळत नाही. आमच्या सेनगावात जागेला काय तोटा?" शंका रास्त आहे. तेव्हा आधी तिचंच उत्तर शोधू आणि मग कायद्याकडे वळू.

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. गोरेगाव, पुसेगाव, आजेगाव, पानकनेरगाव, साखरा अशा गावांतल्या माणसाला सात-बाराच्या कामाला, बँकेत, पंचायत समितीत, दवाखान्यात, नाहीतर सोयाबीन घेऊन मोंढ्यात, वर्षातून किती वेळा तरी तालुक्याला यावंच लागतं. रेल्वे इथं नाही. एस.टी. किंवा स्वतःचं वाहन, हीच दोन साधनं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक पन्नाशीचा शेतकरी आहे. लहानपणी पोलिओ झाला आणि उजव्या पायातली शक्ती गेली. त्यानं पैसे साठवून मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटर घेतली. त्या स्कूटरवर तो बारा किलोमीटर एकटा येतो, कुणाला 'मला सोडा' म्हणत नाही. कचेरीच्या फाटकाशी पोहोचतो तो काय, फाटकापासून पायरीपर्यंत मोटारसायकली खेटून लावलेल्या. त्याच्या स्कूटरची रुंदी जास्त, ती त्या फटीत शिरत नाही. मग दोनशे फूट मागे रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, कुबड्या काढायच्या आणि श्रावणातल्या चिखलातून चालत यायचं. आल्यावर पुढं पाच पायऱ्या, आणि धरायला कठडा नाही. बारा किलोमीटरचं अंतर त्याला जड गेलं नाही, पण शेवटच्या दोनशे फुटांनी त्याला अडवलं.

असा माणूस पुढच्या वेळी काय करतो? घरी बसतो आणि भावाला पाठवतो. कागद भाऊ आणतो, सही कुठं करायची तेही भाऊच दाखवतो. बँकेचं पुस्तकही भावाच्याच कपाटात राहतं. भाऊ चांगला असेल तर प्रश्न नाही. पण नसेल तर? पाच पायऱ्यांमुळे एका कर्त्या माणसाचा त्याच्या जमिनीवरचा आणि पैशावरचा ताबा सुटत जातो. म्हणून हा विषय सेनगावचाही आहे. जागा भरपूर आहे, हे खरं. ती योग्य ठिकाणी, योग्य मापाची आणि मोकळी आहे का, एवढाच प्रश्न आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

आपल्याकडे अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ साली झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं. पुढं १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जागतिक करार संमत केला. भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. करार मान्य केला म्हणजे घरचा कायदा त्याला जुळवून घेणं आलं. त्यातून 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' हा नवा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. आज चालतो तो हाच.

दोन कायद्यांच्या वृत्तीत फरक आहे, तो शिक्षक मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावा. पूर्वीचा विचार असा की माणसात काहीतरी उणं आहे, तेव्हा समाजानं त्याला मदत करावी. नवा विचार असा की माणसाच्या शरीरात काही अडचण असेल, पण त्याला अडवतात त्या आपण बांधलेल्या पायऱ्या, आपण छापलेली बारीक अक्षरं आणि आपले गैरसमज. पायऱ्यांशेजारी उतार केला की तोच माणूस कुणाच्या मदतीवाचून आत येतो. त्याचा पाय काही बरा झालेला नसतो, फक्त अडथळा गेलेला असतो.

नव्या कायद्यात सातांऐवजी एकवीस प्रकार आले. अंधत्व, अंशतः अंधत्व, बहिरेपणा आणि कमी ऐकू येणं, वाचेचे व भाषेचे दोष, हातापायांचं अपंगत्व, बुटकेपणा, स्नायूंची विकृती, मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक, आम्लहल्ल्यात भाजलेल्या व्यक्ती, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, कंपवात आणि मज्जासंस्थेचे इतर जुनाट आजार त्यात येतात. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजारही येतात. म्हणजे वरून धडधाकट दिसणारा माणूसही दिव्यांग असू शकतो. 'याला काय झालंय, चांगला तर चालतो' असं बसमध्ये मोठ्यानं बोलण्याआधी हे आठवावं.

यांची संख्या थोडी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती अपंग म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांतल्या १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणाऱ्या होत्या. महाराष्ट्राचा आकडा २९ लाख ६३ हजारांच्या घरात होता. आणि ही गणना जुन्या, कमी प्रकारांवर झालेली होती. शिवाय या संख्येत रोज भर पडत असते. सुगीत मळणीयंत्रात हात सापडतो, विजेचा धक्का बसतो, मधुमेहात पायाची जखम चिघळते, अर्धांगवायूचा झटका येतो. आज आपण ज्या पायऱ्या दोन ढांगांत चढतो त्या उद्या आपल्यालाच डोंगरासारख्या वाटू शकतील.

आता गाडीच्या जागेकडे येऊ. कायद्याचं ४१ वं कलम वाहतुकीविषयी आहे. बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ इथं वाहन लावण्याची जागा, स्वच्छतागृह आणि तिकीट खिडकी ही दिव्यांगांना वापरता येईल अशा प्रमाणात असली पाहिजे, असं ते सांगतं. ४४ वं कलम त्याहून महत्त्वाचं. सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीच्या नकाशाला मंजुरी देता येत नाही आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही देता येत नाही. म्हणजे नवी इमारत उभी राहत असतानाच गुत्तेदाराला आणि अभियंत्याला हा प्रश्न विचारता येतो. नंतर फरशी फोडून उतार करण्यापेक्षा आधी केलेला उतार कितीतरी स्वस्त पडतो.

मापं काय असावीत? बांधकामाच्या नियमांत सर्वसाधारणपणे अशी मापं दिलेली आहेत. इमारतीच्या प्रवेशदारापासून ३० मीटरच्या, म्हणजे सुमारे शंभर फुटांच्या आत दिव्यांगांसाठी दोन मोटारींची जागा राखावी. तिची रुंदी किमान ३.६ मीटर, म्हणजे साधारण बारा फूट असावी. साध्या मोटारीला अडीच मीटर रुंदी पुरते. मग वरचा मीटरभर कशासाठी? चाकाची खुर्ची गाडीच्या बाजूला लावायची, दार पुरतं उघडायचं आणि अंग सरकवत खुर्चीवर बसायचं, त्यासाठी. तो मीटरभर मोकळा नसेल तर गाडीतला माणूस गाडीतच राहतो. जादा चाकांच्या स्कूटरचंही तेच. तिच्या बाजूला कुबड्या टेकून उभं राहायला जागा हवी.

जागेवर चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेली पाटी हवी. जमीन सपाट आणि टणक हवी, मुरूम धोपटून बसवलेला असला तरी चालेल, पण चाक रुतता कामा नये. आणि त्या जागेपासून दारापर्यंत मध्ये गटार, दगड किंवा पायरी नको. राखीव जागा गटाराच्या पलीकडे आखून दिली तर नियम कागदावर पाळला गेला आणि माणूस जिथल्या तिथं राहिला.

उताराचं गणितही शिक्षकांनी मुलांना फळ्यावर घालून द्यावं असं आहे. प्रमाण १ ला १२. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार. शाळेचं जोतं दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फुटांचा हवा. जोतं तीन फूट असेल तर छत्तीस फुटांचा. सलग उतार ९ मीटरपेक्षा लांब नको, मध्ये सपाट टप्पा करून मग वळवावा. दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा हवा आणि दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट रुंद हवं. अनेक ठिकाणी मोटारसायकल आत चढवण्यासाठी केलेली सिमेंटची घसरगुंडी असते, तिलाच उतार म्हणतात. दीड फुटाला चार फूट लांबीचा तो चढ चाकाच्या खुर्चीनं चढताच येत नाही आणि उतरताना माणूस पालथा पडतो. तेव्हा उतार 'आहे का' एवढं विचारून थांबू नये, 'किती लांब आहे' हे टेप लावून पाहावं.

जुन्या इमारतींचं काय? ४५ व्या कलमानं त्यांना मुदत दिली होती. नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सर्व सार्वजनिक इमारती सुगम्य करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. काम किती झालं ते आपल्या गावच्या इमारतींकडे पाहून ज्याचं त्यानं ठरवावं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याच प्रश्नावर याचिका केली होती. त्या प्रकरणात न्यायालयानं १५ डिसेंबर २०१७ रोजी सरकारांना अनेक आदेश दिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा निकाल देताना न्यायालय म्हणालं की सुगम्यतेविषयीच्या नियमात नुसत्या शिफारशीवजा सूचना आहेत, आणि कायद्याला तर बंधन अभिप्रेत आहे. म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्र सरकारला सक्तीची किमान प्रमाणं ठरवायला सांगितलं. थोडक्यात, उतार आणि राखीव जागा या 'सवडीनं पाहू' अशा गोष्टी नव्हेत, असा या निकालाचा अर्थ.

शहरातही चित्र फार वेगळं आहे असं समजू नका. ऑक्टोबर २०२३ मधली गोष्ट. मुंबईत खार इथलं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, आणि वर जायला लिफ्ट नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नाच्या दिवशी लोकांनी उचलून जिन्यानं वर न्यावं लागलं. त्यांनी ही हकिगत जाहीर केल्यावर मोठी चर्चा झाली आणि त्या वेळच्या उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. विचार करा, नवरीला जिन्यात चार जणांनी उचलून धरलंय, पाय घसरला तर काय होईल ही धास्ती सगळ्यांच्या मनात आहे, आणि हे कशासाठी, तर वरचं रजिस्टर खाली आणलं गेलं नाही म्हणून.

'रजिस्टर खाली आणणं' या साध्या गोष्टीला कायद्यात एक नाव आहे. त्याला वाजवी सोय म्हणतात. नियम सगळ्यांना सारखा असला तरी विशिष्ट माणसाची अडचण पाहून त्यात योग्य तो फेरफार करणं, आणि तो फेरफार संस्थेला न झेपण्याइतका भारी नसणं, अशी त्याची कल्पना आहे. अशी सोय नाकारणं हा या कायद्यानं भेदभावच धरला आहे. उताराला पैसा लागतो, वेळ लागतो. पण तोवर तलाठ्यानं किंवा बँकेतल्या कारकुनानं कागद घेऊन बाहेर ओसरीवर यायला पैसा लागत नाही. ग्रामसभा दिव्यांग सभासदासाठी माडीवर न घेता पारावर घ्यायलाही लागत नाही.

शिक्षक मंडळींसाठी हीच गोष्ट वर्गात कशी उतरते ते सांगतो. ३१ व्या कलमानुसार चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, हे निवडण्याचाही त्याला हक्क आहे. १६ वं कलम सांगतं की शाळेनं त्याला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वापरण्याजोगी करावी आणि अध्ययन अक्षमता लवकर ओळखावी. सातवीतला वर्ग माडीवर असेल आणि वर्गात कुबड्या घेणारी मुलगी असेल, तर तो वर्ग खाली आणावा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवावं आणि त्याच्याकडे तोंड करून बोलावं. फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याला ओठांवरूनही कळत नाही. अक्षरं उलटसुलट लिहिणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी.

परीक्षेत लेखनिक मिळण्याविषयी पालकांच्या मनात बराच गोंधळ असतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग परीक्षार्थींना दर तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ देण्याची तरतूद आहे. विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांपेक्षा कमी आहे, एवढ्याच कारणानं लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. आरक्षणाला चाळीस टक्क्यांची अट आहे, वाजवी सोयीला ती नाही, हा फरक ध्यानी ठेवावा.

आता इतर हक्क थोडक्यात सांगतो. सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा लक्षणीय, म्हणजे चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राखीव आहेत. शेतजमीन आणि घरकुलांच्या वाटपात, तसंच दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के वाटा आहे आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणानं नोकरीवरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. मतदान केंद्र सुगम्य ठेवणं हे निवडणूक यंत्रणेवर बंधनकारक आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्के दिव्यांगत्व असणाऱ्या मतदारांना घरून मत देण्याची सोयही मिळाली होती. एस.टी.च्या प्रवासभाड्यात सवलत आहेच. मळणीयंत्रात किंवा तशा अपघातात शेतकऱ्याचा हात, पाय किंवा डोळा गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून एका अवयवासाठी एक लाख आणि दोन अवयवांसाठी दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेळ न दवडता अर्ज करावा.

एक गोष्ट खेड्यातल्या मंडळींनी नक्की ऐकावी, ती वारसाची. जुन्या धर्मशास्त्रावर आधारलेल्या हिंदू कायद्यात जन्मांध, बहिरा, मुका अशा मुलाला वडिलार्जित मालमत्तेत वाटा नाकारला जाई. त्याला फक्त पोटापुरतं द्यायचं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या २८ व्या कलमानं हा अडसर साफ काढला. रोग, व्यंग किंवा शारीरिक दोष या कारणानं कुणाचाही वारसा डावलता येत नाही. २०१६ च्या कायद्याच्या १३ व्या कलमानं पुन्हा सांगितलं की दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारसानं मिळवण्याचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क आहे. तरीही 'तिला काय कळतंय, तिचं आम्ही पाहतोच की' असं म्हणून मुक्या बहिणीचं नाव सात-बारावर येऊ न देणारी घरं आजही आहेत. पाहताय ना, ठीकच आहे. पण तिचं नाव लागू द्या.

हे हक्क वापरायचे तर हाती दाखला हवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र याच मार्गानं मिळतं. सेवा केंद्रातून अर्ज भरता येतो. तपासणी ठरलेल्या शासकीय रुग्णालयात होते. ओळखपत्राच्या पट्टीचा रंग दिव्यांगत्वाच्या प्रमाणाप्रमाणे असतो. चाळीस टक्क्यांहून कमी असेल तर पांढरा, चाळीस ते ऐंशी टक्क्यांपर्यंत पिवळा, आणि ऐंशी किंवा त्याहून जास्त असेल तर निळा. अर्जाची प्रत आणि रुग्णालयाचे जुने कागद जपून ठेवावेत.

इथं कुणी म्हणेल, "गुरुजी, खोटे दाखले काढणारेही आहेत." आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ९१ व्या कलमानुसार दिव्यांगांचा लाभ लबाडीनं घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण चार लबाडांमुळे खऱ्या गरजवंताकडे संशयानं पाहणं बरोबर नाही. चोर शिरतो म्हणून आपण घराला दारच ठेवू नये, असं म्हणत नाही.

आता समजा, हक्क आहे पण मिळत नाही. मग पायरीपायरीनं जावं. पहिली पायरी, ज्या कार्यालयाची अडचण आहे तिथंच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. २३ व्या कलमानुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत दिव्यांगांच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. अर्जात मोघम लिहू नये. 'दारात पाच पायऱ्या, कठडा नाही, उतार नाही, वाहनासाठी राखीव जागा नाही' असं मोजून लिहावं. दुसरी पायरी, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज. त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही सुरू झाला आहे. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, आणि पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला किंवा तिला धमकावलं तर ९२ व्या कलमानुसार सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पारावर बसून नावं ठेवणाऱ्यांनी हे कलम ऐकून ठेवावं. वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून मागं सरायचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिची चौकशी तालुका विधी सेवा समितीकडे करावी.

पैशाची सबब ग्रामपंचायतीकडून हमखास पुढं येते. तेव्हा हेही माहीत असू द्यावं की महाराष्ट्रात ग्रामपंचायती, नगरपंचायती आणि इतर स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा आहे. ग्रामसभेत उभं राहून 'गेल्या वर्षी हा निधी किती होता आणि कशावर खर्च झाला' एवढं विचारावं. उत्तर द्यावंच लागतं.

काही जण विचारतील, गावात चाकाच्या खुर्चीवरचा माणूस एकच, त्याच्यासाठी एवढा खटाटोप का? पहिलं उत्तर असं की हक्क डोकी मोजून ठरत नाही. दुसरं उत्तर व्यवहाराचं आहे. त्याच उतारानं गुडघे धरलेली म्हातारी चढते, दिवस भरलेली सून चढते, धान्याचा हातगाडा चढतो, शाळेत पोषण आहाराचं पोतं चढतं. आणि तो एकच माणूस बाहेर दिसतो, याचं कारण बाकीचे घरातून बाहेर पडू शकत नाहीत, हेही असेल.

बाहेर पडायला मिळालं तर माणूस काय करू शकतो याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तरुणपणी चाकाची खुर्ची आली. त्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि शेकडो मुलांना शिक्षणाच्या वाटेवर आणलं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र शाळेच्या ग्रंथालयात जरूर असावं. प्रत्येकानं पदकच मिळवलं पाहिजे असं मात्र नाही. स्वतःच्या पायानं म्हणा, चाकानं म्हणा, कचेरीत जाऊन स्वतःच्या सात-बाराचा उतारा स्वतः घेणं, हेही पुरेसं मोठं काम आहे.

शेवटी, या आठवड्यात करता येतील अशा चार गोष्टी सांगतो. शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना टेप देऊन शाळेची, ग्रामपंचायतीची आणि दवाखान्याची पायरी, दार आणि उतार मोजायला लावावा आणि तो तक्ता ग्रामसभेपुढं ठेवावा. सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या दाराजवळची एक जागा चुन्यानं आखून तिथं पाटी लावावी. खर्च पाच-पन्नास रुपयांचा. दुकानदारांनी आपल्या दारासमोर जादा चाकांची स्कूटर उभी राहील एवढी जागा मोकळी सोडावी. आणि मोटारसायकल असणाऱ्या तरुण मंडळींनी ती आखलेली जागा रिकामी दिसली तरी तिथं गाडी लावू नये. 'दोनच मिनिटं' म्हणून लावलेल्या गाडीमुळे त्या दोन मिनिटांत आलेला माणूस परत जातो, आणि तो परत गेला हे आपल्याला कधी कळतही नाही.